एका हरणाएवढं पाणी

आमच्या जगात पाऊस फुकट पडत नव्हता. तो माझा नियम होता. इतर लोक पडद्यावर पाऊस पाडतात म्हणजे काय करतात हे मला चांगलं ठाऊक आहे. वरून थेंबांचं चित्र सोडायचं, खालची जमीन जरा काळी करायची, आवाज लावायचा, की झाला पाऊस. ते पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. मला असल्या पावसाची चीड आहे. माझ्या जगात ढगात एक थेंब असला, तर तो समुद्रातून नाहीतर तळ्यातून, ओल्या मातीतून नाहीतर झाडाच्या पानातून वर गेलेला असायचा, आणि जिथून गेला तिथे तेवढा कमी झालेला असायचा.

हे जग संगणकातलं होतं. एका विज्ञान केंद्राने आपल्या गोल दालनासाठी ते आमच्याकडून करून घेतलं होतं. भिंतभर समुद्र, त्याच्या काठाने कुरण, मग तळं, जंगल आणि मागे डोंगर. समुद्र नावाचाच, आकाराने मोठं डबकं म्हणा. तिकडचं एक वर्ष इकडच्या एका दिवसात संपायचं, म्हणजे सकाळी आलेल्या मुलांना करपलेलं कुरण दिसायचं आणि दुपारी आलेल्यांना भरलेली नदी. ऊन समुद्रावर पडलं की पाणी वर जायचं, वारा त्याला ओढत डोंगरापर्यंत न्यायचा, डोंगर चढताना ते गारठून खाली यायचं, थोडं मातीत मुरायचं, थोडं मुळं ओढून घ्यायची, उरलेलं नदीतून पुन्हा समुद्रात. केंद्राच्या संचालक बाईंची अट एकच होती. एकदा सुरू केलेलं जग वर्षानुवर्षं आपलं आपण चाललं पाहिजे, बाहेरून त्यात काहीही घालायचं नाही. मला ती बाई न भेटताच आवडली होती.

आमची कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पुढच्या खोलीत दादा, माझा थोरला भाऊ. तिथे सोफा, काचेचं टेबल आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी बरे कप. मधल्या खोलीत झाडं काढणारे दोघं आणि वहिनी. मागच्या खोलीत मी आणि आमची मोठी मशिनं. त्या खोलीतला एसी असा गळायचा, की त्याच्याखाली कायम बादली लावलेली असे आणि ती दिवसातून दोनदा मलाच ओतून यावी लागे. जगभराचं पाणी सांभाळणारी बाई बघा कशी बादल्या उपसतेय, असं म्हणून वहिनी मला चिडवायची. ती मला ढगाबाई म्हणायची.

ती आधी माझी मैत्रीण होती, वहिनी नंतर झाली. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. एकदा मी तिला घरी चहाला आणलं, तर पाहुणे आले की खोलीचं दार लावून घेणारा माझा भाऊ त्या दिवशी आपणहून बाहेर येऊन बसला आणि दुसरा कप मागता झाला. त्या चहाचा मला तेव्हा फार आनंद झाला होता. मैत्रीण कायमची घरात येणार, यापरता आनंद कोणता, असं मला वाटलं. माणसाला काय वाटेल याला काही धरबंध नसतो.

प्राणी तिचे होते. हरणं, ससे, रानडुकरं, कोल्हे, तळ्यावरचे पक्षी. आणि काय होते ते! मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही, पण वहिनीची हरणं पाणी प्यायला यायची तेव्हा आधी एक पुढे यायचं, कान फिरवायचं, मागच्यांना थांबवायचं, आणि हे तिने कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. तिने त्यांना फक्त भीती आणि तहान दिली होती, बाकीचं त्यांचं त्यांनी जमवलं. प्राण्याने पाणी प्यायलं की ते माझ्या हातातून तिच्या हातात जायचं, आणि कधी ना कधी तिने ते मला परत द्यायचं, असा आमचा व्यवहार होता. ते परत कसं यायचं, यावर आम्ही दोघी आठवडाभर बसलो होतो. श्वासातून किती, घामातून किती. हरणांनी मुतायचं कुठे, यावर तर आम्ही पोट धरधरून हसलो. दादा पुढच्या खोलीतून येऊन, पाहुणे बसलेत, जरा हळू, असं सांगून गेला.

मेलेल्या प्राण्याचं पाणीही तिने नीट परत केलं होतं. हरीण मेलं की तिथेच पडून राहायचं, हळूहळू मातीत जायचं, आणि पुढच्या पावसात तेवढ्या जागी गवत दाट यायचं. मग केंद्राची माणसं एकदा बघायला आली. नेमकी तेव्हाच काठावर एक हरणी मरून पडली होती. मुलं रडतील, असं ते म्हणाले. दादाने मधल्या खोलीकडे नजरसुद्धा न टाकता सांगून टाकलं, की संध्याकाळपर्यंत ते काढून टाकू. वहिनीने संध्याकाळपर्यंत ते काढून टाकलं. मरणारं हरीण आता शांतपणे खाली बसायचं, फिकं होत जायचं आणि नाहीसं व्हायचं. फार छान दिसायचं म्हणे. मी त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे होते.

माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा कायम असायचा. समुद्र, ढग, माती, झाडं आणि प्राण्यांची पोटं, सगळीकडच्या पाण्याची बेरीज. कुठलं पाणी कुठे का जाईना, ती बेरीज हलता कामा नये. ती हलायला लागली. तिकडच्या वर्षाला थोडीथोडी कमी व्हायची. आधी मला वाटलं, दशांशांत कुठेतरी सांडत असेल. मी ढग पुन्हा लिहिले. माती पुन्हा लिहिली. झाडवाल्यांच्या डोक्यावर बसून त्यांची पानंन् पानं तपासली. बेरीज उतरतच राहिली. तळं काठापासून आत सरकलं, लव्हाळे वाळले, पक्षी उडून गेले ते आलेच नाहीत. आणि दुष्काळ जितका वाढे तितकं पाणी आणखी जोरात जाई, हे तर मला कळेचना.

दादा एक दिवस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. गिऱ्हाइकांशी बोलताना लावतो त्या मऊ आवाजात म्हणाला, की माझं पाणी गळतंय, उद्घाटन तोंडावर आलंय, आणि त्याआधी गळती सापडली नाही तर माझं सगळं काढून तो तयार पाऊस विकत आणून बसवेल. हल्ली फार चांगला मिळतो म्हणाला. चार वर्षं मी त्या पाण्यापलीकडे काही केलं नव्हतं. लग्न केलं नाही, घर केलं नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं, कारण मी एक गोष्ट खरी केली होती. ती काढून तिथे थेंबांचं चित्र बसणार होतं.

मग मला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. मी जगाची एक प्रत काढली आणि तिच्यातून सगळे प्राणी काढून टाकले. बेरीज जागची हलली नाही. शंभर वर्षं पळवून पाहिलं, तरी नाही. मग एकच हरीण सोडलं. ते बापडं एकटंच कुरणात फिरायचं, प्यायचं, घाबरायचं, घाबरायला कुणी नसताना. बेरीज स्थिर. वर्षामागून वर्ष. म्हातारं होऊन ते एकदा खाली बसलं, फिकं झालं, नाहीसं झालं, आणि कोपऱ्यातला आकडा खाली आला. एका हरणाएवढं पाणी जगातून गेलं. ते जाताना आपलं रक्त, आपलं पोट, सगळं घेऊन गेलं, कुणालाही परत न देता. दुष्काळात जास्त हरणं मरत, म्हणून दुष्काळ वाढत होता.

मी खुर्चीतून उठून उगाच खोलीत फेऱ्या मारल्या. नाचलेच असते, पण बादली मध्ये होती.

आता खरं तर सरळ पुढच्या खोलीत जायचं. मी गेले नाही, आणि त्याला कारण होतं. त्या महिन्यात दादाने एक माणूस आणला होता. संगणकावरचे खेळ करणाऱ्या मोठ्या कंपनीत त्याने प्राणी केलेले, सगळे त्याला उस्ताद म्हणत. तो पुढच्या खोलीत सोफ्यावर बसायचा आणि दादा त्याच्याशी बोलताना हसायचा. वहिनीशी बोलताना दादा हसायचं विसरून कित्येक दिवस झाले होते. चार लोकांत तो म्हणायचा, ही काय, घरचीच आहे. कप धुताना वहिनीने मला सांगितलं होतं, की आता एवढी एक चूक निघाली की प्राणी उस्तादाकडे जाणार आणि ती घरी. दादाने तसं तोंडावर सांगितलं होतं. घरी म्हणजे दिवसभर त्याच्या आईवडिलांच्या, म्हणजे माझ्याच आईवडिलांच्या, समोर. मी त्यांची मुलगी असून तिथे राहत नव्हते, तेव्हा मला समजावायची गरज नव्हती.

म्हणून मी तिला जिन्यात नेऊन सांगितलं. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, की दादाला हे मी सांगू नये, तिला स्वतःला सांगू द्यावं.

"तू सांगितलंस तर ते तुझं शोधून काढणं होईल," ती म्हणाली. "मी सांगितलं तर माझं कबूल करणं होईल. एवढं तरी माझ्याकडे राहू दे ना."

मी हो म्हटलं. कुणीही म्हटलं असतं. उद्यापर्यंत, असं ठरलं. तिने माझा हात दाबला आणि वर गेली. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दादाने मला पुढच्या खोलीत बोलावलं. उस्ताद होता, वहिनी होती. दादाने मला बस म्हटलं, आणि तो मला बस म्हणाला की काहीतरी वाईट असतं. तो म्हणाला की वहिनीने त्याला सगळं सांगितलंय. गळती ढगांत आहे, फार खोल आहे, मला सापडत नाहीये आणि मी झुरतेय. तेव्हा मी त्रास करून घेऊ नये. उस्तादाने एक साधा उपाय केलाय. समुद्राच्या तळाशी एक नळ बसवलाय. रोज सकाळी, जगाचं नवं वर्ष सुरू होताना, वर्षाला जेवढं पाणी जातं तेवढं तो समुद्रात सोडेल. कुणाला दिसणार नाही. यापुढे पाणी उस्ताद बघेल.

मला आधी ऐकू येईना. म्हणजे ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. मी वहिनीकडे बघितलं. ती टेबलाच्या काचेकडे बघत होती.

मग मी बोलले. सगळं बोलले. गळती ढगांत नाही, प्राण्यांत आहे, मेलेलं हरीण आपलं पाणी घेऊन जातं, काल मी हे वहिनीला जिन्यात सांगितलं. दादाने वहिनीला विचारलं. ती म्हणाली, की तिच्या प्राण्यांत काही नाही, हवं तर तपासा. इतक्या शांतपणे म्हणाली, की मलाच क्षणभर शंका आली. उस्तादाने तिथल्या तिथे एक हरीण मारून बघितलं. ते फिकं झालं, नाहीसं झालं, आणि त्याच्याखालची माती ओली झाली. बेरीज तसूभरही हलली नाही.

तिने रात्रीत दुरुस्त केलं होतं, मी काढलेल्या प्रतीतसुद्धा. चोख केलं होतं, तिचं काम चोखच असतं. आता चूक कधी होती याचा मागमूसही उरला नव्हता, आणि मी माझ्या भावासमोर, एका परक्या माणसासमोर, माझ्या वहिनीवर खोटा आळ घेणारी बाई झाले होते.

इथे मी रडले असते तर कदाचित बरं झालं असतं. पण माझं डोकं असल्या वेळी नको तिथे चालतं. मला दिसलं, की गळती बुजलीय आणि नळ तसाच आहे. पाणी कुठूनच जात नाहीये आणि रोज सकाळी येतंय. मी दादाला म्हटलं, नळ काढ. आत्ता काढ. प्राणी दुरुस्त झालेत, आता नळ ठेवलास तर हे जग बुडेल.

दादा उस्तादाकडे बघून कसनुसं हसला. मग मला म्हणाला, की काल गळत होतं, आज गळत नाही, काल प्राणी चुकीचे, आज बरोबर, मला नक्की म्हणायचंय तरी काय. माझ्या हातून पाणी गेल्याचा राग त्याला समजतो. पण असं करायचं नसतं.

मी पुन्हा वहिनीकडे बघितलं. माझं म्हणणं खरं आहे हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं. नळाची गरज नाही, एवढं एक वाक्य. पण ते वाक्य म्हटलं की का नाही हेही सांगावं लागलं असतं. तिने डोळे वर केले, दादाकडे बघितलं, आणि मायेने म्हणाली, "दमलीय ती. किती दिवसांत धड झोपली नाहीये."

मी माझा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघाले. उस्ताद दार धरून उभा राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. नळ लावून जग पळवून बघितल्यावर पाणी जरा वर जातंय हे त्याच्याही लक्षात आलं होतं, असं मला नंतर झाडवाल्यांकडून कळलं. दादा त्याला म्हणाला, कमी पडण्यापेक्षा थोडं जास्त बरं. उस्तादाने मान डोलावली, आणि उद्घाटनानंतर पंधरवड्यात त्याला आणखी मोठ्या ठिकाणी बोलावणं आलं, तो गेला. नळाचा परवलीचा शब्द त्याने दादाकडे दिला.

उद्घाटन मी फोनवर बघितलं. दादा व्यासपीठावर होता. संचालक बाई, माझी ती न भेटलेली आवडती बाई, शेजारी उभी होती. या जगात बाहेरून एक थेंबही येत नाही, असं दादा म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. वहिनी खाली पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती.

मी आता मोटारींच्या शर्यतीचे खेळ करणाऱ्या कंपनीत आहे. मी काचेवरचा पाऊस करते. गाडी पळते, थेंब काचेवर आपटतात, पुसणी फिरते, थेंब जातात. कुठे जातात? कुठेही नाही. येतात कुठून? कुठूनही नाही. पगार चांगला आहे, एसी गळत नाही, आणि माझ्या कामावर सगळे खूश आहेत. पहिल्या आठवड्यात मी साहेबांना विचारलं होतं, की रस्त्यावर पडलेलं पाणी पुढे गटारात न्यायचं का. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. ते बराच वेळ हसले.

वहिनी आली ती आठएक महिन्यांनी, सकाळी. माझी एक खोली आहे, एकच खुर्ची आहे, ती मी तिला दिली आणि पलंगावर बसले. ती केंद्रात जायच्या वाटेवर होती. करारात प्राण्यांची देखभाल लिहिलेली, म्हणून रोज दालन उघडायच्या आधी तिला तिथे जावं लागतं. त्या जगात आता तिच्याशिवाय कुणी हात घालत नाही, आणि तिचा हात फक्त प्राण्यांपर्यंत पोचतो. पाणी दादाकडे. ती वाळली होती. मी चहा विचारला नाही.

ती म्हणाली, पाणी चढतंय. मी म्हटलं, हो, चढणार. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, उलट सगळ्यांना आनंद झाला. तळं भरलं, पक्षी परतले, गवत छातीएवढं झालं. दादा लोकांना आणून दाखवायचा. मग कुरणाच्या खालच्या अंगाला पाणी आलं. कोल्ह्यांच्या बिळांत शिरलं. हरणं गुडघाभर पाण्यात उभी राहायला लागली. दादाला अजून ते सुंदर वाटतंय, पण फार दिवस वाटणार नाही. संचालक बाईंनी परवा विचारलं, की हे कुरण पूर्वी मोठं होतं का.

वहिनीने मग काय केलं होतं, ते तिने मला खाली बघत सांगितलं. तिने आपली जुनी चूक परत घातली होती. मेलेलं हरीण पुन्हा आपलं पाणी घेऊन जाऊ लागलं. नळातून येईल तेवढं मरणाऱ्यांबरोबर जाईल, आणि सगळं जागच्या जागी राहील, असं तिचं गणित. डोकं चांगलं आहे तिचं, मी आधीच म्हटलंय.

"पण मरत नाहीत गं," ती म्हणाली. "इतकं गवत आहे, इतकं पाणी आहे. मरतच नाहीत."

म्हणून ती मारू लागली होती. रोज सकाळी, दालन उघडायच्या आत, गोल भिंतीसमोर एकटी बसून. एकेकाला निवडायचं, ते खाली बसतं, फिकं होतं, जातं. ती अंदाजाने मारत होती. एक दिवस कमी पडायचं, एक दिवस जास्त. तळं वरखाली व्हायला लागलं होतं, आणि ते कुणीतरी बघितलंच असतं. तिला नेमका आकडा हवा होता. नळातून रोज येतं तेवढं पाणी किती हरणांत मावतं, ते माझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नव्हतं.

दादाला का सांगत नाहीस, मी विचारलं. नळ काढ म्हण. दोन शब्द आहेत.

"आता ती नुसती चूक नाही राहिली," ती म्हणाली. "आता तुला घालवलंय त्यात."

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. एवढं श्रेय मी तिला देते. नंतर ती म्हणाली, की केंद्रात हे जग करणाऱ्यांचा फलक आहे, त्यावर माझं नाव कसंतरी परत लावून घेईल, थोडा वेळ लागेल, पण घेईल. हेच ऐकायला मी आठ महिने फोन उशाशी घेऊन झोपले होते. ते आलं तेव्हा अशा भावात आलं.

मला तिची कीव आली नाही. यायला हवी होती, कारण तिच्या हरणांवर तिचा किती जीव होता हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. हरणांचीही आली नाही, ती आकड्यांची आहेत. मला आठवत होतं ते फक्त तिचं ते मायेचं वाक्य. दादाकडे जाऊन सगळं सांगावं, हेही मनात आलं. पण दादा काय म्हणाला असता ते मला पाठ होतं. आणि पाणी, माझं खरं पाणी, ते तर कधीच गेलं होतं. तिथे जे वाहत होतं ते एका खोट्यातून येऊन दुसऱ्या खोट्यातून जाणारं होतं. त्याची बेरीज आता जुळली काय नि नाही काय.

तरी मी कागद घेतला. सवय असते हाताला. नळाचं माप मला माहीत होतं, हरणाचं तर होतंच. आधी चढलेलं उतरवायला पहिले पंधरा दिवस जास्त लागतील, नंतर रोज चाळीस, त्यातून आपली आपण मेलेली वजा करायची, असं मी तिला सांगितलं. तिने दोनदा ऐकून पाठ केलं. कागद घेतला नाही.

उठताना ती पर्स चाचपत थांबली.

"लहान धरायची की मोठी?"

"मोठी धर," मी म्हटलं. "त्यांच्यात पाणी जास्त असतं. कमी मारावी लागतील."

तिने मान हलवली. दाराशी जाऊन कडी काढली आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "आणि गाभण असली तर?"

मी कागद चुरगळून खिडकीतून खाली टाकला.

"तर त्याहून कमी," मी म्हटलं.